पाच आरसी गाड्यांचे बॅटरी कनेक्टर बदलताना : कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

आधी मोजदाद. आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्या पाच, बॅटऱ्या अकरा, कनेक्टर सहा जातींचे आणि या सहांचे एकमेकांशी जुळवून देणारे अडॅप्टर सात. हेतू दोनच. अडॅप्टर शून्यावर आणायचे, आणि गाडी पळवून आणल्यावर कोणत्याही कनेक्टरला बिनधास्त बोट लावता यायला हवे.

(जेएसटी, टामिया, टी-प्लग, ईसी५ ही कनेक्टरची नावे. २एस म्हणजे एकामागोमाग जोडलेले दोन लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, सेल; ३एस म्हणजे तीन.)
१/२४ क्रॉलर : २एस, बारीक लाल जेएसटी, बॅटऱ्या दोन.
१/१८ ट्रगी : २एस १५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास), मिनी टामिया, बॅटऱ्या दोन.
१/१० टू-व्हील ड्राइव्ह, ब्रशवाली मोटर : ७.२ व्होल्ट निकेल (एनआयएमएच) ३००० एमएएच, मोठा टामिया, बॅटऱ्या दोन.
१/१० फोर-व्हील ड्राइव्ह, ब्रशलेस : टी-प्लग, बॅटऱ्या तीन. त्यांतली एक ३एस, एक साधी २एस आणि एक बुलेटची (गोल पिनेची) भोके असलेली हार्डकेस (कडक कवचाची) २एस.
१/८ बग्गी : ४एस ५००० एमएएच, ईसी५, बॅटऱ्या दोन.

अडॅप्टर हटवण्याचे कारण दिसण्यापुरते नाही. एक अडॅप्टर मध्ये आला की प्रत्येक ध्रुवावर एक जादा संपर्क आणि दोन जादा डाख (सोल्डरचे जोड) येतात. यातला एक जरी कच्चा असला तरी सगळा करंट त्यातूनच जातो.

५ जानेवारी, रविवार

कनेक्टर निवडण्याआधी गाडी खरोखर किती करंट ओढते ते काढले. त्यासाठी क्लॅम्प मीटर लागत नाही. गाडी घड्याळ लावून पळवायची, मग चार्जरने बॅटरीत परत किती एमएएच भरले ते पाहायचे. भरलेले अँपिअर-तास गुणिले ६०, भागिले मिनिटे, की सरासरी अँपिअर मिळतात.

ब्रशलेस १/१०, २एस : ११ मिनिटे, परत भरले ३८५० एमएएच. म्हणजे २१ अँपिअर.
१/८ बग्गी, ४एस : १० मिनिटे, ४००० एमएएच. म्हणजे २४ अँपिअर.
ब्रशवाली १/१० : हिशेब १२ अँपिअरच्या आसपास येतो, पण खरा आकडा थोडा कमी धरायचा. निकेल बॅटरी भरताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे चार्जर वापरलेल्यापेक्षा जास्त एमएएच दाखवतो. लिपोमध्ये हा फरक नगण्य.

सरासरी २१ आली म्हणून २५ अँपिअरचा कनेक्टर पुरेल, असे मात्र नाही. कनेक्टर तापतो तो करंटच्या वर्गाने. समजा गाडी एक चतुर्थांश वेळ ८० अँपिअर ओढते आणि उरलेला वेळ नुसती घरंगळते. सरासरी भरते २०. पण तापण्याच्या हिशेबाने तो सतत ४० अँपिअर वाहण्याइतका भार आहे, म्हणजे सतत २० वाहण्याच्या चौपट उष्णता. खडी-मातीत थांबत-सुटत पळणाऱ्या गाडीचा कनेक्टर गुळगुळीत ट्रॅकवर गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त तापतो तो यामुळे, मग बॅटरी दोन्हीकडे सारख्याच वेळात संपत असली तरी.

कामचलाऊ नियम ठरवला : सरासरीच्या दुप्पट आकडा कनेक्टरने सतत सोसला पाहिजे.

८ जानेवारी, बुधवार

जुन्या कनेक्टरांची तपासणी, मिलिव्होल्ट पद्धतीने. बॅटरी चार्जिंगला लावली की करंट स्थिर वाहतो. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवायचा. एक प्रोब कनेक्टरच्या बॅटरीकडच्या डाखावर आणि दुसरा त्याच ध्रुवाच्या चार्जरकडच्या डाखावर. मीटरवर येणारा आकडा भागिले अँपिअर, की थेट मिलिओहम. प्रोब लावण्याआधी मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात नाही ना, हे पाहायचे. तिथे असेल आणि प्रोब चुकून प्लस-मायनसला एकदम टेकले, तर बॅटरी मीटरमधूनच शॉर्ट होते.

टामिया, ३ अँपिअरवर : प्लस बाजूला २१ मिलिव्होल्ट, म्हणजे ७ मिलिओहम. मायनसला त्याच्या निम्मे. कनेक्टर बोटाने हलवला की आकडा उड्या मारतो.
टी-प्लग (बॅटरी क्र. १), ५ अँपिअरवर : ३.४ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.७ मिलिओहमच्या आत.
टी-प्लग (बॅटरी क्र. २) : ११ मिलिव्होल्ट, म्हणजे २.२ मिलिओहम. दिसायला दोन्ही सारखेच.
ईसी५ : २ मिलिव्होल्टच्या आत. इथे विषय संपला.

टामियाचे ७ मिलिओहम १२ अँपिअरवर सुमारे १ वॉट होतात, तेही तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. टॉर्च मारून पाहिले तर प्लसच्या भोकाभोवतीचे पांढरे नायलॉन चहाच्या डागासारखे तपकिरी झाले आहे आणि आतली पिन दुसरीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मागे सरकली आहे. पिनला धरून ठेवणारी बारीक जीभ तापून मऊ पडली की पिन दर वेळी जोडताना मागे ढकलली जाते. आत कमी शिरते, जास्त तापते, आणखी मऊ पडते. एकदा सुरू झाले की हे चक्र आपोआप थांबत नाही. पिन पुढे ढकलून पुन्हा वापरणे म्हणजे पुढच्या खेपेची सोय.

टी-प्लग क्र. २ चे दुखणे वेगळे. मादी बाजूच्या सपाट पट्टीमागे एक पातळ स्प्रिंग असते, ती पट्टीला पात्यावर दाबून धरते. डाख देताना कुणीतरी जास्त वेळ तापवल्याने प्लास्टिक बसले आहे आणि स्प्रिंगला टेकायला आधार उरलेला नाही. असा टी-प्लग दुरुस्त होत नाही, कापून फेकायचा.

११ जानेवारी, शनिवार

निवड. कोणाच्या बाजूने काय आहे :

एक्सटी६० : ३.५ मिमीच्या बुलेट, नायलॉनमध्ये कायमच्या बसवलेल्या. नावातला ६० हा क्षणिक झेपेचा आकडा. हा कनेक्टर बनवणाऱ्या अॅमास कंपनीच्या माहितीपत्रकात सतत करंट ३० अँपिअर आणि क्षणिक ६० अँपिअर असे दिलेले आहे. एक्सटी९० चे तसेच, सतत ४० आणि क्षणिक ९०. एक्सटी३० चे १५ आणि ३०. पाकिटावरचा मोठा आकडा वाचून खरेदी करणाऱ्याची गफलत इथेच होते.

ईसी३ : बुलेट ३.५ मिमीच, म्हणजे विजेच्या हिशेबाने एक्सटी६० चा चुलत भाऊ. फरक बसवण्याच्या पद्धतीत. बुलेटला बाहेरच डाख द्यायचा आणि मग ती निळ्या घरात क्लिक होईपर्यंत ढकलायची. डाख देताना प्लास्टिक वितळण्याची भीती नाही, हा मोठा फायदा. पण बुलेट उलट्या घरात गेली तर बाहेर काढताना घर फुटते. आयसी३ आणि आयसी५ हे यांच्याशी जुळतात, मध्ये डेटाची एक जादा पिन एवढेच.

टी-प्लग : सगळ्यांत बुटका, कमी जागेत बसतो. चांगल्या प्रतीचा असेल तर ब्रशलेस १/१० लाही पुरतो. नकली मात्र नुसता तापतोच असे नाही, कधी निघतच नाही आणि कधी आपोआप निघतो.

एक्सटी९०-एस : मादी बाजूच्या तोंडाशी एक वेगळी कडी असते आणि ती ५.६ ओहमच्या रोधकातून मुख्य संपर्काला जोडलेली असते. नर पिन आधी या कडीला लागते, इएससीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर रोधकातून हळू भरतात आणि ठिणगी उडत नाही. ६एस वर २५.२ व्होल्ट असतात, तरी सुरुवातीचा झटका साडेचार अँपिअरच्या आत राहतो. रोधक मादी बाजूला असल्याने तो प्रत्येक बॅटरीवर हवा, गाडीवर नाही. आपल्याकडे ६एस नाही, म्हणून घेतला नाही.

ठरले ते असे : १/१८ ला एक्सटी३०. दोन्ही १/१० ना एक्सटी६०. क्रॉलरचा जेएसटी तसाच ठेवायचा, ती गाडी इतका कमी करंट ओढते की बदलून काही हाती लागत नाही. १/८ बग्गीचा ईसी५ नीट चालतो आहे, त्याला हात लावायचा नाही.

सरासरीच्या दुप्पट या नियमात ब्रशलेस १/१० (२१ अँपिअर) एक्सटी६० वर नापास होते : ४२ हवेत, मिळतात ३०. तरी एक्सटी६० च घेतला. एकेक खेप दहा-बारा मिनिटांची, आणि १२ गेजची जाड वायर कनेक्टरची उष्णता बरीच ओढून नेते. हा अंदाज आहे, चाचणीत तापमान मोजल्यावर कळेल.

नग : गाडीकडे नर, बॅटरीकडे मादी, कारण मादीचे धातू आत लपलेले असतात आणि बॅटरी टूलबॉक्समध्ये पडली तरी कशाला टेकत नाही. चार्जिंगची वायर ही बॅटरीच्या दृष्टीने गाडीच, म्हणून तिला नर. एक्सटी६० : दोन गाड्या आणि दोन चार्जिंग वायरी मिळून नर चार, मादी पाच. जोडीनेच मिळतात म्हणून सहा जोड्या, उरलेले सरावाला आणि डाख देताना आधाराला. एक्सटी३० : नर दोन, मादी दोन, जोड्या तीन.

एक्सटी६० मध्ये नर कोणता यावर नेहमी घोळ होतो, कारण ज्याच्या आत पिना असतात त्याचे प्लास्टिकचे कवच बाहेरून भोवती बसते. प्लास्टिक पाहू नका, धातू पाहा. पिन दिसली तर नर.

१२ जानेवारी, रविवार

माल आला, पारखून घेतला. लोहचुंबक लावला. पितळ चुंबकाला चिकटत नाही, चिकटले तर पिन लोखंडी आहे, तो नग बाद. एक नग सरावासाठी बळी दिला : पिनेवर ३८० अंशांची आयर्न (डाख देण्याची इस्त्री) पाच सेकंद ठेवली. चांगल्या नायलॉनमध्ये पिन जागची हलत नाही. हलक्या प्लास्टिकमध्ये ती लोण्यात सुरी फिरावी तशी कलंडते. आपले टिकले.

नर पिनेला वरून फुलीसारख्या चिरा असतात. चारही पाकळ्या सारख्या उघडलेल्या दिसल्या पाहिजेत. एका नगात एक पाकळी आत दबलेली होती, पातळ पाते चिरेत घालून केसभर उघडली. केसभरच. जास्त उघडली तर पाकळी मुळाशी तडकते.

१८ जानेवारी, शनिवार

ब्रशलेस १/१० : गाडी आणि दोन बॅटऱ्या. (हार्डकेस वेगळी करायची.)

हत्यारे : ८० वॉटची आयर्न, ५ मिमी छिन्नी टोक, ३९० अंश. ६३/३७ चे १ मिमी डाख, राळेचा फ्लक्स. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स अजिबात नाही, तो तारांच्या आत मुरतो आणि काही महिन्यांनी तांबे हिरवे पडते. बारीक टोकाची आयर्न कितीही गरम केली तरी उपयोगाची नाही. १२ गेजची वायर उष्णता इतक्या वेगाने ओढते की टोक जागच्या जागी थंड पडते, आणि मग माणूस दाबत बसतो तोवर प्लास्टिक जाते.

बॅटरीवर हात घालण्याआधी ती प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवली. दोन्ही वायरी एकाच पक्कडीने एकदम कधीच कापायच्या नाहीत, पक्कडीचे पाते म्हणजेच शॉर्टसर्किट. क्रम असा : आधी फक्त काळी कापली, तिच्या टोकाला टेप. मग लाल कापली आणि तिचे काम पुरे केले : टोक सोलले, कथिलावले (तारांत डाख मुरवला), डाख दिला, हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवले. त्यानंतरच काळीची टेप काढली.

डाख देण्याची रीत, एका कपासाठी (पिनेची वायर घेणारी मागची पोकळ बाजू) :

कनेक्टरच्या तोंडात जुळणारा दुसरा अर्धा खोचायचा. तो पिना सरळ धरतो आणि उष्णताही ओढतो. नंतर दोन्ही व्हाइसमध्ये, कप वर. वायर कपाच्या खोलीएवढीच सोलायची, साधारण ५ मिमी. एक्सटी६० ला मागचे टोपण असेल तर ते आणि ६ मिमीचे हीट श्रिंक आत्ताच वायरीत ओवायचे आणि आयर्नपासून दूर सरकवायचे. डाख झाल्यावर ओवता येत नाही, आणि हे लक्षात येते ते नेमके डाख सुंदर जमल्यावर.

तारांना फ्लक्स, मग आयर्न खालून आणि डाख वरून. डाख तारांमध्ये शोषला गेला पाहिजे. पण तो वायरीच्या सिलिकॉनच्या आवरणाआत चढू द्यायचा नाही. चढला तर वायर तेवढ्या भागात काडीसारखी ताठ होते आणि पुढे नेमकी त्याच जागी तुटते. कपात अर्ध्यापर्यंत डाख भरायचा, आयर्न कपाच्या बाहेरच्या बाजूला टेकवायची, डाख आरशासारखा झाला की वायर सरळ आत. आयर्न आणखी दोन-तीन सेकंद तशीच. डाखाची पातळी एकदम खाली बसते आणि कडा कपाला चिकटून चढलेल्या दिसतात, तो क्षण. आयर्न काढायची, वायर हलवायची नाही. चकाकी किंचित मंदावली की डाख गोठला.

एका कपाला एकूण आठ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर थांबायचे, थंड होऊ द्यायचे, टोक साफ करून पुन्हा. जोर लावून ओढून पाहायचे. सुटला तर आत्ता सुटू दे.

ध्रुव : एक्सटी६० चे एक टोक सपाट आणि दुसरे कोपरे छाटलेले. सपाट बाजू प्लस, छाटलेली मायनस. अंगावर चिन्हेही असतात, पण इतकी पुसट की टॉर्च लागते. म्हणून डाखाआधी मार्करने लाल ठिपका.

गाडीच्या इएससीच्या वायरी ४ सेंमीने आखूड केल्या. १२ गेजच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ५.२ मिलिओहम, १४ गेजचा ८.३, १६ गेजचा १३.२. दोन्ही ध्रुव मिळून ३० सेंमी वायर धरली तर १६ गेजवर ४ मिलिओहम आणि १२ गेजवर १.६. कोणता कनेक्टर अर्धा मिलिओहम वाचवतो यावर वाद घालणाऱ्यांच्या गाडीत बहुधा लांबलचक १६ गेज लोंबत असते.

१९ जानेवारी, रविवार

कालचे काम मिलिव्होल्टने तपासले, ५ अँपिअरवर. ३एस बॅटरी : दोन्ही ध्रुव २.१ ते २.३ मिलिव्होल्ट. साधी २एस : प्लस २.२, मायनस ६.८.

मायनसचा डाख बाहेरून गुळगुळीत आणि चकचकीत, पण गोळ्यासारखा फुगलेला, कडेला कपाशी कोन करून थांबलेला. म्हणजे डाख वायरीला धरला, कपाला नाही. कारण सापडले : आयर्न कपाऐवजी वायरीवर टेकवली होती. पुन्हा तापवून फ्लक्स दिला, डाख खाली बसला. आता २.२. नुसत्या डोळ्यांनी हा पास झाला असता.

२२ जानेवारी, बुधवार

चार्जिंगच्या वायरी दोन, एका टोकाला ४ मिमी बनाना (चार्जरमध्ये जाणाऱ्या एकेरी पिना) आणि दुसऱ्या टोकाला एक्सटी६० नर. वापरताना क्रम ठरलेला : आधी बनाना चार्जरमध्ये, मगच बॅटरी. काढताना उलट. बॅटरी आधी लावली तर मोकळे दोन बनाना हातात जिवंत राहतात आणि टेबलावर एकमेकांना टेकायला त्यांना फार वेळ लागत नाही.

जुन्या सात अडॅप्टरांची वासलात लावण्याआधी सहज मीटरच्या बझरवर (वाट जोडलेली असली की वाजतो) तपासले. एक तयार विकत आणलेला अडॅप्टर आतून उलटा निघाला. वायरीचे रंग बरोबर, पण एका टोकाला लाल वायर मायनसच्या कपात डाखलेली. बहुतेक इएससींना उलट्या ध्रुवापासून संरक्षण नसते. बॅटरी जोडताक्षणी आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) जातात, फ्यूज वगैरे वाटेत नसतो. तयार वायर कुठूनही आलेली असो, रंगावर विश्वास ठेवायचा नाही, पिनपासून पिनपर्यंत बझर लावायचा. सातही अडॅप्टर कापून कचऱ्यात.

२५ जानेवारी, शनिवार

हार्डकेस २एस. हिच्यात कनेक्टरच नाही, पितळी भोके आहेत आणि त्यांत बुलेट जातात. स्पर्धेत हे आवडते, कारण मधला एक अख्खा संपर्क वाचतो. किंमत ही की उलट जोडण्यापासून रोखणारे काहीही नाही. दोन्ही भोके सारखी, दोन्ही बुलेट सारख्या.

आखूड वायर केली : दोन बुलेट आणि पलीकडे एक्सटी६० मादी. बुलेट पोकळ कपाच्या, लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून त्यात उभ्या धरल्या. (पक्कडीत धरली तर पक्कड उष्णता पिते आणि डाख कच्चा राहतो.) लाल बुलेटला लाल हीट श्रिंक बुलेटच्या कडेपर्यंत, काळीला काळे. बॅटरीच्या अंगावर प्लसच्या भोकाशी लाल रंग. ही वायर बॅटरीला कायमची लावून ठेवायची. काढलीच तर परत लावताना बुलेट आधी, मग एक्सटी६० च्या तोंडाशी मीटरने ध्रुव पाहायचा, मगच गाडी. मीटरवर उणे चिन्ह आले तर थांबायचे.

२६ जानेवारी, रविवार

१/१८ ला एक्सटी३०. पिना २ मिमीच्या, कप बारीक. ३५० अंश आणि ३ मिमी टोक पुरले. प्लास्टिक इतके लहान आहे की चार सेकंदांपुढे जायचे नाही. काम अर्ध्या तासाचे.

ब्रशवाल्या १/१० ची गाडी आणि दोन्ही निकेल बॅटऱ्या एक्सटी६० वर गेल्या. बॅटरीच्या वायरीवरचे आवरण पीव्हीसीचे, सिलिकॉनचे नाही. आयर्न लागली की ते मागे आकसते आणि उघडी तार वाढते. ओले फडके वायरीला गुंडाळून डाख दिला.

१ फेब्रुवारी, शनिवार

चाचणी. इन्फ्रारेड थर्मामीटर सोनेरी पिनेवर किंवा चकचकीत डाखावर धरला तर खोटे बोलतो, चमकदार धातू खऱ्यापेक्षा थंड दिसतो. कनेक्टरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर मोजले. हवा २९ अंश.

ब्रशलेस १/१०, २एस, ११ मिनिटे : कनेक्टर ४६ अंश, शेजारची वायर ४४.
तीच गाडी, ३एस, त्याच गिअरवर, ९ मिनिटे : ५८ आणि ५१.
ब्रशवाली : ३६. टामिया असताना याच गाडीत हात लावणे नकोसे होत असे.
१/८ बग्गी, ईसी५ : ४१.

वाचताना कनेक्टर आणि वायर यांतला फरक पाहायचा. दोन्ही सारखे तापले तर दोष कनेक्टरचा नाही, करंट जास्त आहे किंवा वायर बारीक आहे. कनेक्टर वायरीपेक्षा दहा-पंधरा अंश वर गेला तर संपर्क किंवा डाख पाहायचा. ३एस वर सात अंशांचा फरक आहे, चालेल. पण ५८ हा आकडा सांगतो की गिअरिंग जड आहे. ३एस टाकताना पिनियन (मोटरवरचे छोटे दातेरी चाक) दोन दात लहान हवा. मोटरही सुखी राहील. ११ तारखेला घेतलेली सूट २एस वर योग्य ठरली, ३एस वर जेमतेम.

२ फेब्रुवारी, रविवार

बग्गीचा ईसी५ भिंगाखाली. नर बुलेटच्या टोकाला काजळी आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे. हे पाहून लोक कनेक्टर बदलतात. पण ठिणगी उडते ती पिना पहिल्यांदा टेकतात त्या टोकाशी. प्रत्यक्ष करंट जातो तो पूर्ण आत बसल्यावर फुगीर मधल्या भागातून, आणि तो भाग स्वच्छ पिवळा आहे. ८ तारखेचे २ मिलिव्होल्टही तेच सांगत होते. टोक आयसोप्रोपिलने पुसले, पॉलिश पेपर लावला नाही. मुलामा पातळ असतो, घासला की खालचे पितळ काळे पडू लागते.

जोडताना मात्र सवय बदलायची : घाबरत, टिकटिकवत नाही, एका दमात पूर्ण आत. अर्धवट टेकवून मागे घेतले तर दर वेळी नवी ठिणगी.

काढताना सर्व कनेक्टर अंगाला धरून. एक्सटी६० नवा असताना फार घट्ट असतो आणि हात आपोआप वायरीकडे जातो. वायरीने ओढला की सगळा ताण डाखावर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

निवडीतली एक चूक वापरात उघडी पडली. दोन्ही १/१० ना एकच कनेक्टर दिल्यावर ३एस बॅटरी ब्रशवाल्या गाडीत सहज बसते. आज ती तशी बसलेली सापडली, स्विच चालू होण्याआधी. त्या गाडीचा इएससी २एस लिपोपर्यंतचाच आहे, ३एस च्या १२.६ व्होल्टने तो टिकला नसता. २एस लिपो बसवली तरी धोका आहेच : या इएससीवर लिपो आणि निकेल यांची निवड एका छोट्या जंपरने होते. जंपर निकेलवर असेल तर इएससी वेळेत तोडत नाही आणि सेल ३ व्होल्टच्या खाली ओढला जातो. चार्जरवरही तेच, एकाच वायरीला निकेल आणि लिपो दोन्ही लागतात आणि मोड बदलायचा राहतो. जुना टामिया तापत होता खरा, पण न सांगता पहारा देत होता.

रंगीत टेप लावून भागवण्याचा विचार केला आणि सोडला. टेप वाचावी लागते, न जुळणारा कनेक्टर वाचावा लागत नाही.

म्हणून ब्रशवाली गाडी आणि तिच्या दोन निकेल बॅटऱ्या टी-प्लगवर. १० अँपिअरच्या गाडीला तो भरपूर झाला. दुसरी चार्जिंग वायरही एक्सटी६० काढून टी-प्लगची केली आणि तिला "निकेल" असे लेबल. आता चार्जरला ती वायर दिसली की मोड कोणता ते ठरलेले. अडॅप्टर शून्यच राहिले.

टी-प्लगचा डाख वेगळा पडतो, कारण कप नाही, सपाट पट्टी आहे. पट्टी बारीक कानसने एकदा खरवडली, फ्लक्स, डाखाचा पातळ थर. जुळणारा अर्धा खोचलेला. कथिलावलेली वायर पट्टीवर आडवी ठेवून वरून आयर्न, तीन सेकंद. प्रत्येक पट्टीला स्वतंत्र हीट श्रिंक, कारण दोन पट्ट्यांत अंतर जेमतेम ३ मिमी. ध्रुव अंगावरच्या चिन्हांवरून आणि नंतर मीटरवरून. बॅटरीकडे मादी.

मादीची स्प्रिंग तपासायची तर जोडणी पाच वेळा काढून-घालून, मग मिलिव्होल्ट. ३ अँपिअरवर १.९, हलवला तरी १.९.

मोकळे झालेले चार एक्सटी६० व्हाइसशेजारच्या डबीत, पुढच्या डाखाला आधार म्हणून.